मॉलिक्युलर मेडिसिनमध्ये पदव्युत्तर शिक्षण : आत नेमकं काय असतं?

मिहिका_

नमस्कार. जीवतंत्रज्ञानाची पदवी हाताशी आली आहे. पुढे मॉलिक्युलर मेडिसिनमध्ये एमएससी आणि जमलं तर पीएचडी, असं डोक्यात आहे. बऱ्याच विद्यापीठांची माहितीपत्रकं वाचून काढली. सगळीकडे तेच: कर्करोग, जनुकोपचार, इम्युनॉलॉजी, 'प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत'. एवढं वाचूनही तिथला विद्यार्थी सकाळी आत गेला की संध्याकाळपर्यंत काय करतो, ते काही कळलं नाही.

मॉलिक्युलर बायॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीपेक्षा हे वेगळं कुठे? डॉक्टर नसलेल्यांना मागच्या रांगेत बसावं लागतं का? आणि गणिताशी माझं फारसं सख्य नाही, तर काय? यातून गेलेल्यांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

पिपेटवाली

मिहिका, तंत्रं बघशील तर काहीच वेगळं नाही. तोच पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं), तेच वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखणं), त्याच पेशी वाढवणं. वेगळा असतो तो प्रश्न. मॉलिक्युलर बायॉलॉजीवाल्याला एखादं प्रथिन पेशीत कसं घडी घालून बसतं एवढं कळलं तरी समाधान असतं. इथे पुढचं विचारलं जातं: कुठल्या रुग्णात ते बिघडतं, नक्की कुठल्या पायरीवर बिघडतं, आणि ती पायरी दुरुस्त केली तर रुग्णाला फरक पडेल का?

सिस्टिक फायब्रोसिस घे, फुप्फुसांत दाट चिकट स्राव साठत जाणारा आनुवंशिक आजार. सीएफटीआर हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. वृत्तपत्री भाषेत तिथेच 'कोडं सुटलं'. प्रत्यक्षात या एका जनुकात दोन हजारांहून जास्त बदल नोंदले गेलेत आणि त्यांचे बिघाड एकसारखे नाहीत. एफ५०८डेल या सर्वांत जास्त आढळणाऱ्या बदलात प्रथिनाची घडीच नीट बसत नाही, त्यामुळे ते पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. जी५५१डी मध्ये ते पोचतं, पण क्लोराइडचा मार्ग उघडत नाही. म्हणून २०१२ मध्ये आलेलं आयव्हाकाफ्टर आधी जी५५१डी वाल्यांनाच दिलं गेलं, आणि ते रुग्ण तर अगदी थोडे. एफ५०८डेल साठी आधी घडी सुधारणारी आणि मग मार्ग उघडणारी अशी औषधं एकत्र करावी लागली. ती तिहेरी गोळी २०१९ ला मंजूर झाली. जनुक सापडल्यापासून तीस वर्षं मोज.

माझ्या मते हा सगळा विषय या एका उदाहरणात आहे. 'अमुक जनुकामुळे तमुक आजार' हे वाक्य इथे सुरुवातीचं असतं. पदवीच्या परीक्षेत ते शेवटचं असायचं.

दिवस कसा जातो म्हणशील तर पहिलं वर्ष वर्गात: मानवी आनुवंशिकी, पेशींमधलं सिग्नलिंग, इम्युनॉलॉजी, फार्मकॉलॉजी, थोडं पॅथॉलॉजी, संख्याशास्त्र. मग वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काही आठवड्यांची रोटेशन्स आणि शेवटी प्रबंध. प्रयोगशाळेतला बराच वेळ पेशींना खाऊपिऊ घालण्यात, जेल वाळायची वाट बघण्यात आणि कालचा प्रयोग का फसला त्याचा शोध घेण्यात जातो. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं, कारण फोटो चांगला येत नाही.

वॉर्डातला_डॉक्टर

मागच्या रांगेचं मनातून काढून टाका. मी वैद्यकीय पदवीनंतर पीएचडीला आलो. सुरुवातीचे कित्येक महिने पदवीचे विद्यार्थी माझ्यापेक्षा हातानं सरस होते आणि प्रयोगाची आखणीही त्यांनाच जास्त कळायची. डॉक्टरला एक गोष्ट फुकट मिळालेली असते: रुग्ण पाठ्यपुस्तकासारखे वागत नाहीत, हे त्यानं पाहिलेलं असतं.

सिकल सेल आजाराचं (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या आजाराला 'रेण्वीय आजार' म्हटलं. पुढे १९५० च्याच दशकात व्हर्नन इन्ग्रमनं दाखवलं की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बास. एका अमिनो आम्लाचा फरक. आता याहून सोपा आजार कुठला असणार?

पण वॉर्डात या. हाच बदल जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये असलेले दोन रुग्ण. एक वरचेवर वेदनांनी तळमळत भरती होतो, दुसरा वर्षानुवर्षं फिरकतही नाही. का? एक मोठं कारण म्हणजे काही जणांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं. ते कोणाकोणात जास्त आणि का, हे शोधताना २००७-०८ च्या सुमारास बीसीएल११ए हे जनुक पुढे आलं. ते या गर्भ-हिमोग्लोबिनला दाबून ठेवतं. रक्तपेशींमधला त्याचा दाब क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रानं काढून घ्यायचा, ही उपचारपद्धती २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झाली.

गंमत लक्षात घ्या. मूळ बिघाड ज्या अक्षरात आहे त्याला या उपचारात हातही लावलेला नाही. वाट दाखवली ती ज्यांना आजार असूनही कमी त्रास होत होता त्या रुग्णांनी. तेव्हा या विषयात शिरणाऱ्यानं अपवादांकडे बघायची सवय लावून घ्यावी. जो रुग्ण नियमात बसत नाही त्याला आलेखातून खोडू नका, त्याच्यापाशी थांबा.

तिरकस_कंस

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम, पण ही सगळी शोकेसमधली मंडळी आहेत. एक जनुक, एक आजार, एक औषध. मिहिकाताईंना दुसरी बाजूही कळू द्या.

टाइप २ मधुमेह घ्या. जनुकसंचातल्या शेकडो जागांचा त्याच्याशी संबंध दिसलाय, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यातल्या बऱ्याचशा जागा प्रथिन बनवणाऱ्या भागात नाहीतच, मधल्या नियंत्रक पट्ट्यांत आहेत. म्हणजे कुठलं जनुक, कुठल्या पेशीत, कधी, हे सगळं वेगळं शोधावं लागतं. त्यात एक पीएचडी सहज खपते आणि शेवटी हातात येतो तो 'शक्यता आहे' असा निष्कर्ष.

शिवाय मानवी चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या औषधांपैकी दहातली साधारण नऊ पुढे गळतात. २०१२ मध्ये अ‍ॅमजेन कंपनीतल्या संशोधकांनी जाहीर केलं होतं की कर्करोगावरचे ५३ गाजलेले अभ्यास त्यांनी पुन्हा करून बघितले, आणि जुळले फक्त ६. हे ऐकून पळून जा असं नाही. पण 'मी आजार बरा करणार' म्हणून येणारी मुलं दुसऱ्या वर्षी फार कडवट झालेली पाहिली आहेत. 'हे असं का होतं?' ही खाज ज्याला असते तो टिकतो.

वॉर्डातला_डॉक्टर

@तिरकस_कंस, अर्धा सहमत. गुंतागुंतीच्या आजारांतही अपवादांनी वाट दाखवलेली आहे. पीसीएसके९ बघा. २००३ मध्ये काही कुटुंबांत हे जनुक अतिउत्साही असल्यामुळे कोलेस्टेरॉल भयंकर वाढतं असं दिसलं. मग कोणीतरी उलटं विचारलं: ज्यांचं हे जनुक जन्मतः निकामी आहे त्यांचं काय? त्यांचं एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) कमी आणि हृदयविकारही कमी, आणि प्रकृती ठणठणीत. २०१५ मध्ये या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं आली. हृदयविकार काही एका जनुकाचा आजार नाही.

तिरकस_कंस

मान्य. पण एका पीसीएसके९ मागे किती जनुकं कपाटात पडून आहेत तेही सांगा की. :)

आकडेशास्त्री

गणिताबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मिहिका, कॅल्क्युलस आठवत नसेल तरी अडत नाही. अडतं ते शक्यतेचा विचार करता न आल्यामुळे.

माणसात प्रथिन बनवणारी जनुकं साधारण २०,०००. रुग्णांचे आणि निरोगी लोकांचे नमुने घेऊन आरएनए सिक्वेन्सिंग केलं (कुठलं जनुक किती चालू आहे ते मोजलं) आणि प्रत्येक जनुकासाठी 'फरक आहे का?' विचारलं. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली गेली की फरक मानायचा. आता समजा दोन गटांत खरोखर काहीच फरक नाही. तरीही सुमारे १,००० जनुकं 'फरक आहे' म्हणून यादीत येतील. त्या हजारातून आपल्या आवडीचं जनुक उचलायचं, त्यावर गोष्ट रचायची आणि प्रबंध लिहायचा, असं होऊ शकतं. होतं. म्हणून एकदम हजारो चाचण्या केल्यानं येणारे खोटे फरक आवरणारी, बेंजामिनी-हॉकबर्गसारखी दुरुस्ती लागते. ती १९९५ पासून उपलब्ध आहे, वापरायला कोणी मनाई केलेली नाही.

दुसरा घोळ नमुन्यांच्या मोजणीचा. एकाच रुग्णाची पेशी तीन वाट्यांत वाढवली म्हणजे तीन रुग्ण होत नाहीत. तीन वेळा मोजलेला एकच रुग्ण तो. आलेखाखाली 'एन = ३' लिहिलेलं दिसलं की पहिल्यांदा विचारा, तीन काय? माणसं, उंदीर, का वाट्या?

आणि तिसरा म्हणजे बॅच. सगळे रुग्ण सोमवारी, सगळे निरोगी मंगळवारी सिक्वेन्स केले, तर दिसलेला फरक आजाराचा की वारांचा, ते नंतर कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. संख्याशास्त्रज्ञाकडे प्रयोग झाल्यावर येतात सगळे. आधी आलात तर तो तुमचं वर्ष वाचवेल.

अवांतर: जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये उघडू नका. सेप्ट२, मार्च१ अशी नावं असलेल्या जनुकांच्या एक्सेल मुकाट्यानं तारखा करून टाकतो. २०१६ च्या एका पाहणीत एक्सेलमध्ये जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळजवळ एक पंचमांशात असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनंच माघार घेतली आणि जनुकांची नावं बदलली. सॉफ्टवेअरपुढे मानवी जनुकसंचानं हात टेकले, आणखी काय.

मिहिका_

बापरे, सगळ्यांचे आभार. वार आणि वाट्यांचं पहिल्यांदाच कळलं. आता पुढचं: एमएससी करून मग पीएचडी, की जमत असेल तर थेट पीएचडी? आणि प्रयोगशाळा निवडताना काय बघायचं? सगळ्यांच्या संकेतस्थळावर हसरे चेहरेच असतात.

पिपेटवाली

रुग्णांशी जोडलेलं काम आवडतं की फक्त त्याची कल्पना आवडते, हे ज्याला अजून कळलेलं नाही त्यानं एमएससी करावी. आधी प्रयोगशाळेत बरंच काम केलेलं असेल आणि प्रश्नही ठरलेला असेल तर थेट. मधल्या सगळ्यांना रोटेशन असलेला अभ्यासक्रम बरा.

प्रयोगशाळेबद्दल मार्गदर्शकाला विचारून काही हाती लागत नाही. तिथल्या विद्यार्थ्यांना गाठ, तेही मार्गदर्शक खोलीत नसताना. 'इथे चांगलं आहे का?' असं विचारलंस तर सगळे हो म्हणतील. त्यापेक्षा विचार की अपेक्षेविरुद्ध निकाल आला की शुक्रवारच्या बैठकीत काय होतं. 'पुन्हा कर' एवढंच ऐकू येतं, की कोणी खुर्ची पुढे ओढून 'दाखव बघू, का आलं असेल?' म्हणतं? मूळ प्रतिमा आणि कच्चा डेटा कुठे ठेवतात तेही विचार. एखाद्याच्या पेनड्राइव्हवर असेल तर नमस्कार करून निघ.

आणखी एक, जे विचारायला कोणाला सुचत नाही: पेशींची ओळख कधी तपासली होती? हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या, प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मानवी पेशी) इतक्या जोमानं वाढतात की दुसऱ्यांच्या बाटल्यांत शिरून त्यांनी कित्येक कुळं बुडवली आहेत. ओळख चुकलेल्या पेशींची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्यात पाचशेहून जास्त नावं आहेत. यकृताच्या म्हणून वर्षानुवर्षं वापरलेल्या पेशी यकृताच्या नव्हत्याच, असे प्रकार त्यात सापडतात. एसटीआर चाचणीनं (डीएनएवरून पेशी कोणाच्या ते ओळखणारी) हे सहज कळतं. पेशींच्या बाटल्यांत शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूचंही तेच: साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, माध्यम गढूळ होत नाही, पेशी मरतही नाहीत, फक्त वेगळ्या वागू लागतात. मी रोटेशन केलेल्या एका प्रयोगशाळेत ही चाचणी करू का म्हणून विचारलं, तर 'उगाच कशाला उकरून काढायचं' असं उत्तर आलं. तिथे प्रबंध केला नाही.

उंदीरवाला

पेशींवर बोललात, आता प्राण्यांवर मी लिहितो. पदव्युत्तर वर्गात 'उंदरात सिद्ध झालं आहे' हे वाक्य फार लवकर तोंडात बसतं.

थॅलिडोमाइड सगळ्यांना माहीत असतं ते भयंकर दुर्घटना म्हणून. १९५७ मध्ये बाजारात आलं, १९६१ च्या अखेरीस मागे घेतलं गेलं, आणि तोवर हजारो बाळं हातापायांच्या विकृतींसह जन्मली होती. यातली रेण्वीय गोष्ट मात्र कितीतरी उशिरा उलगडली. हे औषध सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, हे २०१० मध्ये कळलं. चिकटलं की सेरेब्लॉन एरवी ज्यांच्या वाटेला जात नाही अशा प्रथिनांना पेशीच्या कचराकुंडीत पाठवू लागतं. त्यातलं एक सॉल४, जे गर्भात हातपाय घडताना लागतं. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये एका मोक्याच्या जागी अमिनो आम्ल वेगळं आहे, आणि सॉल४ मध्येही प्रजातीगणिक फरक आहेत. त्यामुळे माणसाच्या गर्भाला जे झालं ते उंदराच्या पिलांत दिसत नाही. सशात दिसतं.

आणि याच कुळातलं लेनालिडोमाइड मल्टिपल मायलोमा या कर्करोगात आज नेहमी वापरलं जातं, कारण तिथे ते दुसऱ्या दोन प्रथिनांना त्याच कुंडीत पाठवतं. वापर आधी सुरू झाला, कारण मागाहून, २०१४ च्या सुमारास कळलं. आता तर नको असलेलं प्रथिन मुद्दाम असं नष्ट करवणं ही औषधांची एक स्वतंत्र शाखाच झाली आहे.

व्यवहाराचं थोडं: प्राण्यांवर काम करायचं तर नैतिकता समितीची मंजुरी, प्रशिक्षण, आणि शनिवार-रविवारी हजेरी. उंदरांना सुट्टी कळत नाही. ज्यांना हे मनाला पटत नाही त्यांनी ते आधीच स्पष्ट सांगावं. ऑर्गनॉइडवर (पेशींपासून वाढवलेल्या, अवयवांच्या चिमुकल्या प्रतिकृतींवर) किंवा नुसत्या डेटावरही उत्तम प्रबंध होतात.

वॉर्डातला_डॉक्टर

रुग्णांच्या नमुन्यांबद्दल दोन शब्द. संमतीपत्र ही पहिल्या दिवशी उरकायची कागदपत्रं नव्हेत. नमुना कशासाठी दिला, पुढच्या संशोधनासाठी वापरता येईल का, भलतंच काही सापडलं तर रुग्णाला कळवायचं का, हे सगळं त्यात ठरतं आणि त्यानं तुमचा प्रकल्प अडूही शकतो.

शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा गोठवण्याआधी टेबलावर किती वेळ पडून होता, हेही विचारायला शिका. तेवढ्या वेळात आरएनए तुटतो, ताणाखाली चालू होणारी जनुकं चालू होतात. मग 'ट्यूमरमध्ये ताणाची जनुकं वाढलेली आढळली' असा शोध लागतो. ऑपरेशन थिएटरमधल्या परिचारिकेशी ज्याची ओळख आहे त्या विद्यार्थ्याचे नमुने चांगले निघतात, हे मी गंभीरपणे सांगतो आहे.

अहवाल_लेखनिक

इतका वेळ वाचत होते. पीएचडी न करता याच क्षेत्रात आहे, म्हणून माझीही भर.

एमएससीनंतर मी जनुकीय निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत लागले. रुग्णाच्या जनुकात सापडलेला बदल रोगकारक आहे का, हे ठरवणं माझं काम. २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाच वर्ग आहेत: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. सगळा जीव मधल्या वर्गात अडकलेला असतो. लोकसंख्येत तो बदल किती जणांत आहे, कुटुंबात आजाराबरोबर चालतो का, प्रयोगांत काय दिसलं, संगणकी अंदाज काय म्हणतात, असे पुरावे एकेक करून मांडायचे. तरीही कधीकधी 'अनिश्चित' असंच लिहावं लागतं, आणि पलीकडे एक माणूस शस्त्रक्रिया करायची की नाही याची वाट बघत असतो. पुरेसा पुरावा नसताना रोगकारक लिहिलं तर त्याचा एखादा निरोगी अवयव जाऊ शकतो.

मला हे काम प्रबंधापेक्षा जवळचं वाटलं. याशिवाय औषधचाचण्यांचं व्यवस्थापन, नियामक संस्थांसाठी लेखन, बायोइन्फॉर्मॅटिक्स अशा वाटा आहेत. प्राध्यापकीची जागा मिळाली नाही म्हणजे शिक्षण फुकट गेलं, असं मानणारे लोक अभ्यासक्रमात भेटतील. त्यांचं मनावर घेऊ नकोस.

तिरकस_कंस

+१. या धाग्यातला सर्वांत उपयोगी प्रतिसाद हाच.

मिहिका_

अहवाल_लेखनिक ताई, हे काम असतं हेच माहीत नव्हतं. खूप धन्यवाद. शेवटचा प्रश्न, मग थांबते. प्रवेशाच्या मुलाखतीत काय विचारतात? पाठ्यपुस्तकं पुन्हा वाचू का?

पिपेटवाली

पुस्तकं चाळ, पण भिस्त त्यांच्यावर ठेवू नकोस. बऱ्याच ठिकाणी एक आकृती पुढ्यात ठेवतात आणि विचारतात, यावरून काय म्हणता येईल? अडतं ते 'काय म्हणता येणार नाही?' या पुढच्या प्रश्नावर. जनुक बंद केल्यावर पेशी मेल्या असं आकृतीत दिसतंय. जनुक परत घातल्यावर त्या जगल्या का? तो प्रयोग आकृतीत नसेल तर तसं म्हण. स्वतःच्या पदवीच्या प्रकल्पावरही हेच विचारतील, तेव्हा त्यातला तुझा कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) कुठला होता आणि तोच का, हे नीट बोलता आलं पाहिजे.

सराव करायचा तर शोधनिबंधाचा सारांश झाकून आधी आकृत्या बघ, निष्कर्ष स्वतः लिही, मग लेखकांनी काय लिहिलंय ते वाच. दोन्हींत अंतर पडतं तिथे थांब.

आकडेशास्त्री

आणि वेळ असेल तर जीईओ या खुल्या संग्रहातून एखादा छोटा आरएनए डेटा उतरवून घे आणि 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड. विश्लेषणाची घाई नको. आधी नमुन्यांची माहिती असलेली फाइल वाच: वय, लिंग, बॅच, नमुना कधी घेतला. मग एक्सिस्ट हे जनुक कुठल्या नमुन्यांत चालू आहे ते बघ. ते स्त्रियांच्या पेशींत चालू असतं. 'पुरुष' म्हणून नोंदलेल्या एखाद्या नमुन्यात ते भरपूर दिसलं, तर बहुधा लेबलं कुठेतरी अदलाबदल झाली आहेत. असं काही सापडलं तर इथेच टाक, बघू सगळे मिळून.